विमानप्रेषकाचे शिक्षण आणि विद्यालयाची निवड

विमान चालविणारा वैमानिक सर्वांच्या परिचयाचा असतो. परंतु ते विमान आज निघावे की थांबावे, कोणत्या मार्गाने व किती उंचीवरून जावे, बरोबर किती इंधन घ्यावे आणि इच्छित स्थळी उतरणे अशक्य झाले तर कोठे वळावे, याचा आराखडा जमिनीवर बसून करणारा एक अधिकारी असतो, त्याची ओळख फार थोड्यांस असते. त्यास इंग्रजीत फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात; मराठीत विमानप्रेषक म्हणता येईल. विमान कंपनीच्या नियंत्रण कक्षात हे अधिकारी पाळीपाळीने अहोरात्र बसलेले असतात. हवामानाचे अहवाल, धावपट्ट्यांविषयीच्या सूचना, विमानातील दुरुस्त न झालेल्या बारीकसारीक दोषांची यादी, प्रवासी व माल यांचे वजन, ही सर्व माहिती त्यांच्यापुढे येते आणि तिच्यावरून एका विशिष्ट विमानाच्या एका विशिष्ट उड्डाणाचा निर्णय बनतो. विमान आकाशात गेले म्हणजे हे काम संपते असे नाही. ते सुखरूप उतरेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवणे आणि बदललेली परिस्थिती वैमानिकास कळविणे हेही प्रेषकाचेच कर्तव्य होय.

येथे एक गल्लत वारंवार होते. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांस चढण्या-उतरण्याची अनुज्ञा देणारा तो विमानवाहतूक नियंत्रक. तो भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा सेवक असतो. त्याचे शिक्षण प्राधिकरणच देते. १९४८ मध्ये अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, येथे स्थापन झालेले केंद्र त्यासाठीच आहे व महाराष्ट्रात गोंदिया येथेही तशी सोय आहे. प्रेषक मात्र विमान कंपनीचा माणूस असतो. नियंत्रक अनेक विमानांत अंतर राखतो, तर प्रेषक आपल्या कंपनीच्या विमानाचा प्रवास आखतो. एकाच अभ्यासक्रमाने दोन्ही पदे मिळतील असे जे विद्यालय सांगते, त्याच्याविषयी अधिक चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

हा व्यवसाय कायद्याच्या कक्षेत आला तो अपघातांच्या अनुभवातून. ६ मे १९३५ रोजी अमेरिकेत मिसूरी राज्यात एक प्रवासी विमान धुके आणि संपत आलेले इंधन यांच्या कचाट्यात सापडून कोसळले. मृतांमध्ये ब्रॉन्सन कटिंग हे सिनेटर होते. या दुर्घटनेने जी चौकशी व चर्चा सुरू झाली, तिची परिणती १९३८ च्या नागरी विमान वाहतूक कायद्यात झाली आणि प्रेषकास स्वतंत्र प्रमाणपत्र असावे हे तत्त्व अमेरिकेत रुजले. तेथील नियमित प्रवासी सेवेत उड्डाणाचे नियोजन, विलंब व प्रेषण यांची जबाबदारी वैमानिक आणि प्रेषक या दोघांवर संयुक्तपणे असते. एकाची संमती नसेल तर विमान निघत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आपल्या नियमांत प्रेषकासाठी किमान वय २१ वर्षे ठरविले आहे. विमानविषयक कायदा, हवामानशास्त्र, मार्गनिर्देशन, उड्डाणाची तत्त्वे, विमानाची कार्यक्षमता व भारसंतुलन, रेडिओ दळणवळण आणि मानवी मर्यादा हे विषय नेमून दिले आहेत. यांशिवाय अनुभवी प्रेषकाच्या देखरेखीखाली किमान ९० दिवस प्रत्यक्ष काम केले असले पाहिजे, अशीही अट आहे. या शेवटच्या अटीकडे विद्यार्थी सहसा दुर्लक्ष करतात. विद्यालयाची निवड करताना तीच सर्वांत महत्त्वाची ठरते.

महाराष्ट्राला या कामाचे एक चांगले उदाहरण आपल्याच भूमीवर मिळाले होते. १९४९ मध्ये भारतात रात्रीची विमान-टपाल योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या शहरांकडे परत जात. चारांपैकी एकास वादळामुळे उशीर झाला, तर उरलेल्या तिघांनी किती वेळ वाट पाहावी? थांबल्यास परतीच्या मार्गावरील हवा कशी असेल? असे प्रश्न विमानात बसून सुटत नाहीत. ते जमिनीवरच, तक्ते आणि घड्याळ पुढे ठेवून सोडवावे लागतात.

आज हे शिक्षण घेण्यासाठी नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथून तरुण दिल्लीकडे जातात, याचे कारण उघड आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दिल्लीत आहे. इंडिगो, एअर इंडिया, स्पाइसजेट या कंपन्यांची मुख्यालये शेजारच्या गुरुग्रामला आहेत. द्वारका व महिपालपूर या विमानतळालगतच्या भागांत विमानविषयक शिक्षण देणारे खाजगी वर्ग दाटीने उभे राहिले आहेत. त्यांच्या फलकांवर विमानाचे चित्र असते, वर्गात पृथ्वीचा गोल असतो, आणि माहितीपत्रकात 'आंतरराष्ट्रीय मान्यता' हे शब्द हमखास असतात. कुटुंबाची अनेक वर्षांची बचत अथवा कर्जाची रक्कम भरण्यापूर्वी या शब्दांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे.

विद्यार्थ्याच्या हाती तीन निरनिराळ्या प्रकारचे कागद येऊ शकतात. पहिला म्हणजे विद्यालयाची स्वतःची पदविका. तिला विद्यालयाच्या कीर्तीइतकेच मोल असते, कायद्याने ती कोणताही अधिकार देत नाही. दुसरा म्हणजे अमेरिकेच्या विमान प्रशासनाचे प्रेषक प्रमाणपत्र. ते खरोखरीचे शासकीय प्रमाणपत्र आहे व परदेशी नागरिकासही मिळते. त्यासाठी मान्य अभ्यासक्रमात किमान २०० तासांचे शिक्षण असावे लागते आणि एका शिक्षकामागे २५ पेक्षा अधिक विद्यार्थी असू नयेत असा दंडक आहे. ८० प्रश्नांची लेखी परीक्षा ७० टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावे लागते व त्यानंतर तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा असते. लेखी परीक्षेस वयाच्या २१ व्या वर्षी बसता येते, पण प्रमाणपत्र २३ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय हाती पडत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडून या प्रमाणपत्रासाठी संपूर्ण शुल्क घेणाऱ्या विद्यालयाने त्यास ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे.

तिसरा कागद म्हणजे भारतीय महासंचालनालयाची मान्यता, आणि भारतात काम करावयाचे तर निर्णायक ठरते ती हीच. ती वैमानिकाच्या परवान्यासारखी घरबसल्या मिळवून मग नोकरी शोधण्याजोगी वस्तू नाही. विमान कंपनी उमेदवारास सेवेत घेते, आपल्या विमानांच्या प्रकारांवर व आपल्या कार्यपद्धतीवर त्यास मान्य कार्यक्रमानुसार शिकविते, अनुभवी प्रेषकाजवळ बसविते आणि त्यानंतर परीक्षेची व मान्यतेची पायरी येते. म्हणजे दिल्लीतील कोणतेही खाजगी विद्यालय विद्यार्थ्यास भारतीय कंपनीच्या प्रेषकाच्या खुर्चीवर स्वतःच्या अधिकारात बसवू शकत नाही. ते फार तर त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याची पात्रता वाढवू शकते. हे स्पष्टपणे सांगणारे विद्यालय प्रामाणिक समजावे. महासंचालनालयाचे नियम त्याच्या संकेतस्थळावर सर्वांस खुले आहेत, आणि अमेरिकन प्रशासनही आपण मान्य केलेल्या विद्यालयांची यादी प्रसिद्ध करते. माहितीपत्रकावर विसंबून न राहता विद्यालयाचे नाव त्या यादीत शोधावे. दिल्लीतील वर्ग जर परदेशातील एखाद्या विद्यालयाच्या नावाने चालत असेल, तर मान्यता नेमकी कोणाची, शिकविणार कोण आणि प्रात्यक्षिक परीक्षा कोठे होणार, हे लेखी विचारावे.

शिकविण्याचा दर्जा कसा ओळखावा, हा खरा कठीण प्रश्न आहे. त्यासाठी दिल्लीचे हवामानच उत्तम कसोटी पुरविते. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेकडून येणारे वातविक्षोभ पाऊस शिंपडून जातात, जमीन ओली राहते, आकाश निरभ्र होते आणि वारा पडतो. लांब रात्रीत जमिनीतील उष्णता आकाशाकडे निघून जाते. जमिनीलगतची हवा थंड होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर व धूलिकण यांच्याभोवती बाष्प गोठून नव्हे, तर द्रवरूप होऊन सूक्ष्म थेंब तयार होतात. गंगा-यमुनेच्या मैदानात हे धुके शेकडो किलोमीटर पसरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर या धुक्याचा पद्धतशीर अभ्यास चालविला आहे. धावपट्टीवरील दृश्यमानता मोजणारे 'दृष्टी' हे उपकरण वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या बंगळूरमधील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने तयार केले असून ते दिल्लीस बसविलेले आहे.

आता पुण्याहून दिल्लीस जाणाऱ्या, सुमारे १८० आसनांच्या विमानाचे गणित घ्यावे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रवासास ४,७०० किलोग्रॅम इंधन लागेल असे समजू. अनपेक्षित कारणांसाठी त्याच्या ५ टक्के, म्हणजे २३५ किलोग्रॅम. शेवटी कशासही हात न लावता राखून ठेवावयाचे अर्ध्या तासाचे इंधन १,१५० किलोग्रॅम. दिल्लीस उतरता न आल्यास जयपूरला जाण्यासाठी १,४०० किलोग्रॅम. बेरीज ७,४८५ होते. पण त्या पहाटे जयपूरवरही धुके येण्याचा अंदाज असेल, अथवा दिल्लीहून वळलेल्या इतर विमानांनी तेथील उभे राहण्याची जागा व्यापली असेल, तर जयपूर कागदावरच पर्याय राहील. अहमदाबाद निवडले तर १,४०० च्या ठिकाणी ३,००० किलोग्रॅम घ्यावे लागतील व बेरीज ९,०८५ होईल. म्हणजे १,६०० किलोग्रॅमचा फरक पडतो. विमान वजनाच्या कमाल मर्यादेपाशी असेल तर हा फरक म्हणजे सामानासह सोळा-सतरा प्रवासी होत. शिवाय जादा इंधन वाहून नेण्यासही इंधन जळते. दिल्लीवर एक तास घिरट्या घालाव्या लागतील असे वाटल्यास आणखी दोन हजारांहून अधिक किलोग्रॅम हवेत.

जवळचा पर्याय नेहमी सोयीचा वाटतो, पण जवळच्या विमानतळाची हवा बहुधा तशीच वाईट असते. ऑगस्ट २०१५ मध्ये दोहाहून कोचीस आलेले एक विमान खराब हवेमुळे तेथे उतरू शकले नाही. ते तिरुवनंतपुरमकडे वळले, तर तेथेही तीच अवस्था होती. अनेक प्रयत्नांनंतर ते उतरले तेव्हा त्यात अत्यल्प इंधन शिल्लक होते. प्रवासी बचावले.

दिल्लीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. तेथील सुसज्ज धावपट्टीवर योग्य उपकरणे असलेले विमान केवळ ५० मीटर दृश्यमानतेतही उतरू शकते. पण बहुतेक विमानांस निघण्यासाठी १२५ मीटर लागतात. उतरलेले विमान तेथेच अडकू शकते आणि त्याचे पुढील उड्डाण कोलमडते. शिवाय विमान सुसज्ज असून भागत नाही, वैमानिकांनीही त्या प्रकारच्या अवतरणाचे शिक्षण घेतलेले असावे लागते. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस दिल्लीहून अनेक विमाने अन्यत्र वळली. काहींवर असे शिक्षण न घेतलेले वैमानिक नेमले होते असे आढळल्याने महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये दोन कंपन्यांस दंड केला.

विद्यालय पाहावयास गेलेल्या विद्यार्थ्याने तेथील शिक्षकास नेमके असे एखादे गणित विचारावे. ज्याने प्रेषकाच्या खुर्चीवर काही हिवाळे काढले आहेत, तो लगेच कागद ओढून घेईल आणि उलट प्रश्न करील: विमान कोणते, वैमानिकांची पात्रता काय, अंदाज किती वाजताचा? ज्याने केवळ प्रश्नसंग्रह पाठ केला आहे, तो व्याख्या सांगेल. हवामानाचे अहवाल जागतिक वेळेत असतात व भारतीय वेळ तिच्याहून साडेपाच तास पुढे असते. म्हणून दिल्लीस पहाटे साडेपाचला अहवालाची तारीख बदलते. धुक्याच्या ऐन वेळी ही तारीख चुकली तर कालचा अंदाज आजचा म्हणून वाचला जाईल. असल्या गोष्टी वर्गात रोज ताजे अहवाल वाचल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत. मागील वर्षांच्या छापील अहवालांवरच सर्व सराव होत असेल, तर त्या विद्यालयात तास भरतील, विद्या मिळेलच असे नाही.

शुल्काविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. ते हप्त्यांनी द्यावे, प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी आणि अभ्यासक्रम अर्धवट सोडल्यास अथवा वर्गच न भरल्यास किती रक्कम परत मिळेल हे लेखी घ्यावे. नोकरीची हमी देणाऱ्याकडे मागील तुकडीतील विद्यार्थी आज कोठे व कोणत्या पदावर आहेत हे विचारावे. विमानतळावरील तिकीट-खिडकी अथवा सामान-विभाग येथे लागलेल्यांची गणना काही ठिकाणी 'विमानक्षेत्रात नोकरी' अशी करण्यात येते. शक्य झाल्यास त्यांच्यापैकी एक-दोघांशी विद्यालयाच्या अनुपस्थितीत बोलावे, आणि त्यांचे देखरेखीखालचे ९० दिवस कोठे व कोणाच्या हाताखाली पूर्ण झाले, एवढे अवश्य विचारून घ्यावे.