पगारावरील जप्ती आणि मुलांचा वाटा

दरवर्षी जून महिन्यात आपल्या ट्रस्टकडे विद्यार्थी-साहाय्याचे अर्ज येतात. आर्थिक अडचणीचे कारण म्हणून पूर्वी बहुधा आजारपण किंवा नोकरी सुटणे लिहिलेले असे. अलीकडे 'वडिलांच्या पगारावर जप्ती' हेही कारण अधूनमधून वाचावयास मिळते. अशाच एका अर्जात मुलीच्या आईने लिहिले होते, "पोटगीचा हुकूम झाला आहे, परंतु एका पतपेढीने पगार आधीच अडकवला असल्याने आम्हांस काही मिळावयाचे नाही, असे सांगण्यात आले." अर्ज मंजूर झाला. परंतु त्या बाईंना जे सांगण्यात आले होते ते खरे नव्हते, आणि त्यावर विश्वास ठेवून मायलेकींनी आठ महिने कसेबसे काढले होते. अशी पाळी दुसऱ्या घरावर येऊ नये, एवढ्यासाठी हा विषय येथे मांडीत आहो.

प्रथम कपात आणि जप्ती यांतील भेद ध्यानात घेऊ. कर्ज घेताना आपणच सही करून पगारातून हप्ता कापण्यास संमती देतो, ती कपात. धनकोने दिवाणी न्यायालयात दावा लावून हुकूमनामा मिळविला, दरखास्त दिली आणि न्यायालयाने पगार देणाऱ्या अधिकाऱ्यास किंवा मालकास रक्कम राखून पाठविण्याचा आदेश केला, तर ती जप्ती. नुसती नोटीस आली म्हणजे जप्ती झाली असे नव्हे. आदेश मिळूनही मालकाने रक्कम राखली नाही, तर तिची जबाबदारी त्याच्यावर येते.

जप्ती किती व्हावी हे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये सांगितले आहे. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातील दोन-तृतीयांश यांस हात लावता येत नाही. समजा, एकूण मासिक वेतन ३१,००० रुपये आहे. त्यातून १,००० वगळले म्हणजे ३०,००० उरले. त्यांचे दोन-तृतीयांश, म्हणजे २०,००० सुरक्षित. जप्त होऊ शकतात ते १०,०००, आणि घरासाठी २१,००० राहतात. १,००० रुपयांचा हा आकडा २००२ साली अमलात आला, त्यापूर्वी तो ४०० होता. आजच्या महागाईत त्याचा आधार नाममात्रच; खरा आधार दोन-तृतीयांशाचा.

भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि मजुरांची व घरकाम करणारांची मजुरी यांसही सावकाराच्या जप्तीपासून याच कलमाने संरक्षण दिले आहे. 'हे संरक्षण मी सोडून देतो' असे कोणी कर्जाच्या कागदावर लिहून घेतले, तरी तो करार रद्दबातल ठरतो.

सावकार तीन असले तर तीन तृतीयांश जातील काय? नाही. जप्तीयोग्य भाग एकच, आणि तो एकदा एका हुकूमनाम्याखाली जात असला, तर मागून आलेला आदेश मालकाने चालू जप्तीचा सर्व तपशील देऊन न्यायालयाकडे परत पाठवावयाचा असतो. शिवाय जप्तीस काळाचीही मर्यादा आहे. एकूण २४ महिने जप्ती चालली की तो भाग पुढील १२ महिने मोकळा राहतो. आणि एकाच हुकूमनाम्याखाली २४ महिने पूर्ण झाले, तर त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा मोकळा होतो. मात्र कर्ज त्यामुळे फिटत नाही. इतर मालमत्तेवर दरखास्त चालू शकते, आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची मुदत सामान्यतः १२ वर्षांची असते.

येथे जामीन राहणारांसाठी दोन शब्द. आपल्या समाजात स्नेह्याच्या कागदावर सही करणे हा शिष्टाचारच होऊन बसला आहे. परंतु १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. तेव्हा वरील हिशेब सही करण्यापूर्वीच घरी मांडावा. "नाही म्हणावे कसे?" या संकोचाची किंमत पुढे मुलांच्या शाळेच्या फीमधून द्यावी लागते.

आता मुख्य मुद्दा, पोटगीचा. कलम ६० ने पोटगीच्या हुकूमनाम्यास निराळे माप लावले आहे. त्यासाठी पगाराचा फक्त एक-तृतीयांश सुरक्षित आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातील ३१,००० पैकी सुमारे १०,३३३ रुपये पगारदाराचे, आणि पोटगीसाठी सुमारे २०,६६७ पर्यंत जप्ती होऊ शकते. वर सांगितलेली २४ महिन्यांची सूट या तरतुदीस जोडलेली नाही. सावकाराची सीमा जेथे संपते, तेथे मुलांच्या हक्काची सीमा संपत नाही. पतपेढीची जप्ती चालू आहे म्हणून पोटगी बंद, हे त्या बाईंना मिळालेले उत्तर म्हणूनच चुकीचे होते.

एवढेच नव्हे, डिसेंबर २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, पोटगीचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असून धनकोंच्या, अगदी तारण घेतलेल्या धनकोंच्याही, हक्काहून तो वरचढ आहे.

दुसरा मार्ग मॅजिस्ट्रेटचा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पुरेशा कारणावाचून पोटगी थकविली, तर वसुलीचे वॉरंट निघते, आणि तरीही न दिल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीमागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. परंतु वॉरंटासाठी, रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हे विसरू नये. त्या बाई आठव्या महिन्यात आमच्याकडे आल्या म्हणून सर्व महिन्यांची बाकी मुदतीत बसली. आणखी पाच महिने गेले असते, तर पहिला महिना या मार्गातून निसटला असता.

पोटगी ठरतानाच दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिले आहे. त्या वेळी पगारपत्रक, चालू कपाती आणि जप्तीचे आदेश न्यायालयापुढे ठेवण्याचा आग्रह धरावा. ज्याच्यावर खरोखर कर्जाचा भार आहे त्यानेही तो तेथेच मांडावा; परिस्थिती बदलली तर रक्कम बदलून मागण्याची सोय कायद्यात आहे. हुकूम झाल्यावर गप्प बसून पैसे न देणे हा मात्र मार्ग नव्हे. पगारदाराने नोकरी बदलल्यास नव्या मालकावर आदेश काढून घ्यावा लागतो, तेव्हा त्याचीही माहिती वेळेवर ठेवावी.

कर्ज फेडणे हा आपल्या घराण्यांचा अभिमानाचा विषय आहे, आणि तो तसाच राहावा. परंतु लेकराच्या ताटातले काढून दिलेल्या पैशाने पत राखली जात नाही. कायद्याने तो क्रम आधीच लावून ठेवला आहे. ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांनी हुकुमाची प्रत आणि पगारपत्रक घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया व मुले यांस तेथे विनामूल्य वकील मिळतो. एकट्याने जाण्याचा संकोच वाटल्यास ट्रस्टच्या कार्यालयात यावे, आम्ही बरोबर येऊ.