गाडी पळवावी कीं थांबवावी ?

आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलें रोज एस. टी.च्या गाडीनें येतात. ह्या गाडीची पहिली फेरी ता. १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर ह्यांच्या दरम्यान झाली. तेव्हांपासून गांवोगांवचे लोक ड्रायव्हराच्या हातीं आपला जीव निःशंकपणें सोंपवीत आले आहेत. परंतु वाटेंत एखाद्या उतारूचें हृदय बंद पडलें, तर ड्रायव्हरानें काय करावें? गाडी भरधांव इस्पितळाकडे न्यावी, असें बहुतेक सांगतील. हेतु चांगला खरा, पण उत्तर चुकीचें आहे.

येथें दोन गोष्टींतील भेद प्रथम ओळखावा. हृदयविकाराच्या झटक्यांत हृदयाच्या एखाद्या भागास रक्त मिळेनासें होतें. छाती दाटून येते, डावा हात वा जबडा दुखतो, घाम सुटतो. तथापि रोगी बहुधा शुद्धीवर असतो. त्यास चालूं न देतां बसवून ठेवावें व १०८ ह्या क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी. हृदयच बंद पडलें असतां मात्र मनुष्य एकाएकीं कोसळतो, हांकेस ओ देत नाहीं, त्याचा श्वास थांबतो किंवा मधूनच नुसते आचके येतात. मग मेंदूस रक्त पोंचत नाहीं व थोड्याच मिनिटांत त्याची हानि होऊं लागते. इस्पितळ तितकें जवळ क्वचितच असतें.

म्हणून गाडी रस्त्याच्या कडेस थांबवावी. धांवत्या गाडींत हात स्थिर राहत नाहींत. एकानें १०८ वर कळवावें. दुसऱ्यानें रोग्यास कठीण जागीं उताणें निजवून, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहातावर तळहात ठेवावा, व कोपर न वांकवितां मिनिटास १०० ते १२० वेळां, सुमारें दोन इंच खोल दाबावें. प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊं द्यावी. एक थकला कीं दुसऱ्यानें पुढें व्हावें. रुग्णवाहिका येईपर्यंत खंड पडूं देऊं नये. ही रीति अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर ह्यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केली. तिला औषध लागत नाहीं कीं यंत्र लागत नाहीं.

आमच्या पालकांपैकीं जे ड्रायव्हर वा कंडक्टर असतील, त्यांनीं ही रीति जाणत्या शिक्षकाजवळ प्रत्यक्ष शिकून घ्यावी, व मुलांनींही शिकावी. फांसळी मोडेल ह्या भीतीनें कोणीं हात आंखडूं नये. मोडलेली फांसळी पुन्हां सांधते. बंद पडलेलें हृदय मात्र आपली वाट पाहत नाहीं.