सुट्टीतलं वाचन : ऐकायला आई हवी

(गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी मध्येमध्ये थांबवून बोलावे.)



परीक्षा संपली, निकाल लागला आणि पोरं घरात आली. आपल्याला मात्र मे महिन्यात सुट्टी नसते. कुरडया, पापड, शेवया, लोणचं, लग्नाची गडबड, पाहुणे, त्यात पाण्याची ओढाताण. दुपारी बारा ते चार बाहेर आग ओतते, म्हणून सगळे एकाच खोलीत. एक मोबाईल आणि तीन पोरं. मग भांडण, रडारड, आपला आवाज चढतो, सासूबाई वैतागतात. अशात वाचनाचं कोण बघणार, असं वाटणं साहजिक आहे. पण दीड महिन्यात नेमकं काय निसटतं ते आधी समजून घेऊ.

दुसरी-तिसरीतलं मूल नुकतंच वाचायला लागलेलं असतं. अक्षर ओळखायचं, काना-मात्रा लावायची, जोडाक्षर फोडायचं, यातच त्याची सगळी शक्ती जाते. ‘निपुण भारत’ कार्यक्रमात तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत असं ठरवलं आहे. त्यासाठी घड्याळ लावून बसायची गरज नाही. पण हा आकडा का ठेवला ते कळलं पाहिजे. मूल फार सावकाश वाचत असेल, तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरून जातं. वाचलं खरं, पण समजलं काहीच नाही. हा वेग सरावानेच येतो. दीड महिना पुस्तक बंद राहिलं की जूनमध्ये मूल पुन्हा एकेक अक्षर चाचपडू लागतं, आणि वर्गात पुढचा धडा सुरू झालेला असतो. गणिताचंही तसंच होतं, पण तो विषय पुढच्या अंकात घेऊ.

आता आपला नेहमीचा प्रश्न : “ताई, मलाच वाचता येत नाही, मी काय शिकवू?”

शिकवायचं नाही, ऐकायचं. कुरडईचंच बघा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो बसू द्यायचा, वरचं पाणी काढून टाकायचं, शिजवायचा आणि सोऱ्यातून घालायचा. हे आपल्याला तोंडपाठ आहे. चौथीतल्या मुलीला वही घेऊन बसवा. तुम्ही सांगा, तिने लिहावं, आणि लिहून झाल्यावर तिने तुम्हाला वाचून दाखवावं. “पाणी बदलायचं” हे तिने गाळलं असेल तर तुमच्या लगेच ध्यानात येईल. अक्षर न येणारी आईसुद्धा इथे पक्की तपासनीस होते, कारण मजकूर तिचाच आहे. पापडाचं प्रमाण, आजीचा काढा, बी पेरायची रीत, सगळं असंच लिहून घेता येतं. सुट्टी संपेपर्यंत घरची एक वही तयार होईल. अशा वहीला मी पुस्तकच म्हणते.

गोष्ट वाचतानाही कान उपयोगी पडतो. मूल वाचतंय आणि ते ऐकून तुम्हाला अर्थ लागतोय, तर वाचन ठीक चाललंय. नुसती अक्षरं मोजल्यासारखं ऐकू येत असेल, तर “हे परत वाच रे, मला कळलं नाही” एवढंच म्हणा. मूल अडलं तर ओरडू नका. त्याला तो शब्द सोडून पुढे जाऊ द्या, मोठ्या भावंडाला नंतर विचारता येतो. एकच गोष्ट चार वेळा वाचली तरी चालते, वेग तिथेच वाढतो. मध्ये “मग काय झालं?” एवढं विचारलं तरी पुरे. पंधरा मिनिटं बास. भाकरी थापताना ऐकलं तरी चालेल.

एक मात्र सांभाळा. “लई दंगा केलास, आता पुस्तक घेऊन बस!” असं म्हणू नका. पुस्तकाची शिक्षा केली की मूल पुस्तकावरच राग धरतं.

घरात पुस्तक नाही, हीही अडचण असते. मे महिन्यात घरोघरी लग्नपत्रिकांचा ढीग असतो, तो वाचायला द्या. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे काय, नवरदेव आपला कोण लागतो, मुहूर्त किती वाजताचा, आणि खाली “आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं” म्हणणारी पोरं किती, हे मुलं हसत हसत शोधतात. किराणा यादी, एसटीची पाटी, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, गटाचं पासबुक, हेही वाचनच आहे.

पण खऱ्या गोष्टीही लागतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. आपल्या किंवा शेजारच्या गावात असं ग्रंथालय असेल तर मुलांना तिथे घेऊन जा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. मोबाईल हातात द्यायचाच आहे, तर एक अंक उघडून द्या.

पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पुस्तक रात्रींमध्ये मांडलेलं आहे : श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. अशा रात्री बेचाळीस आहेत. आपली सुट्टीही साधारण तेवढीच असते, तेव्हा अंगणात रोज एक रात्र. काही शब्द जुने आहेत, तिथे आजी-आजोबा कामाला येतात. शेवटाकडे दुःख फार आहे, म्हणून लहानग्यांना ते भाग नंतर वाचू द्या.

आता थोडं कडू बोलते. सुट्टीत घरातल्या सगळ्यांचं वाचन सारखं सुटत नाही. मुलगा खेळायला जातो. मुलगी पाणी भरते, धाकट्याला कडेवर घेते, पापड लाटते. तिला मोबाईलही मिळत नाही आणि पुस्तकही. सातवी-आठवीतली मुलगी महिनाभर फक्त घरकामात दिसली की पाहुण्यांची नजर जाते, “पोर कामाची आहे, मोठी झाली की आता” असं बोलणं सुरू होतं. लग्नसराईतच हे होतं. जूनमध्ये तिचं नाव हजेरीत राहिलं पाहिजे, तर मे महिन्यात तिच्या हातात पुस्तक दिसलं पाहिजे. धाकट्याला अर्धा तास भावाने सांभाळावं.

ऊसतोडीहून परतलेल्या घरातल्या मुलांची शाळा कित्येक महिने बुडालेली असते. त्यांना आपल्या अंगणात बोलवा. पाचवीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक द्यावं लागलं तर गाजावाजा न करता द्या, चारचौघांत इयत्ता विचारू नका.

हे सगळं एकटीने करायचं नाही. गटात दहा जणी असतील तर रोज दोघींनी दुपारी मुलं आपल्या ओट्यावर घ्यावीत, आठ जणींनी निवांत कुरडया घालाव्यात. दोघींची पाळी पाच दिवसांनी येईल. घरात तेवढा वेळ भांडण नाही, आणि ज्यांची पाळी नाही त्यांना घटकाभर पाठ टेकता येईल.

या बैठकीत तीन गोष्टी ठरवून इतिवृत्तात लिहा : मुख्याध्यापकांना भेटून शाळेतली वीस-पंचवीस पुस्तकं सुट्टीपुरती ग्रामसंघाच्या नावावर कोण मागणार, सावली कोणाच्या ओट्यावर आहे, आणि पाळ्या कशा लावायच्या. पुस्तकांसाठी एक वही घाला. त्यात मुलाचं नाव, पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख असू द्या. ही वही सातवीतल्या एखाद्या मुलाकडे सोपवा. मुलींकडे कामं आधीच पुष्कळ आहेत.