केक आपणच न्यायचा!

प्रश्न : जर्मनीतल्या शाळेत शिकवायला येऊन तीन महिने झाले. पुढच्या आठवड्यात माझा वाढदिवस आहे, पण सहकारी त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मीच विषय काढू का?

उत्तर : त्यांचं मौन मनाला लावून घेऊ नका. तिथे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. शिवाय केक आणायचा तो ज्याचा वाढदिवस त्यानेच. आपण शाळेत वर्गभर चॉकलेटं वाटायचो, तसंच समजा. तेव्हा सकाळीच शिक्षकांच्या खोलीत केक ठेवा. विकतचा चालेल, पण घरून रव्याचा केक केलात तर पाककृती विचारायला लोक थांबतील. सुकामेवा घातला असेल तर चिठ्ठी लावा, ॲलर्जी असणारे असतात.

घरच्यांचं मात्र अवघड. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते. आईने रात्री बाराच्या ठोक्याला फोन केला तर तुमच्याकडे आदल्या दिवसाचे साडेसातच वाजलेले असतील! आईला अपशकुन सांगायला जाऊ नका, फोन घ्या. औक्षण दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर. निरांजन तिकडे, कुंकू इकडे.