पायवाटेवरचीं पांखरें आणि खिशांतली वही

गांवाहून गांवीं पायीं जाणें हें आपल्यापैकीं पुष्कळांचें नित्याचें काम आहे. कोणी शाळेसाठीं, कोणी बाजारासाठीं, कोणी आजाऱ्याच्या भेटीसाठीं कोस दोन कोस चालतो. आतां मोटारी व दुचाक्या आल्या आहेत. तरी ओढा उतरून पलीकडे जाण्याची व बांधाबांधानें वस्ती गांठण्याची वाट कांहीं सुटलेली नाहीं. ह्या वाटेवर आपणांस रोज पांखरें दिसतात, एखादे वेळीं ससा किंवा मुंगूस आडवें जातें, आणि रात्रीं फिरलेल्या जनावरांचे ठसे सकाळीं धुळींत उमटलेले असतात. आपण तें सर्व पाहतों, परंतु पाहिलेलें जपून ठेवीत नाहीं. ह्या पाठांत आम्ही दोन गोष्टी सांगूं इच्छितों: वाटेनें जातांना कसें पाहावें, आणि पाहिलेलें लिहून कां ठेवावें. पहिली गोष्ट आनंदाची आहे. दुसरी दुःखाची आहे. परंतु तिचें महत्त्व अधिक.

१. कसें पाहावें

पक्षी ओळखण्याचा आरंभ नांवापासून करूं नये. आधीं आकार पाहावा. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा, हीं चार मापें प्रत्येकाच्या डोळ्यांत असतातच. पाहिलेला पक्षी ह्यांपैकीं कोणत्या मापाचा होता हें प्रथम मनाशीं ठरवावें. मग चोच पाहावी, कारण चोच हें त्याचें हत्यार होय. दाणे फोडणाऱ्या सुगरणीची चोच आंखूड व जाड असते, मासा धरणाऱ्या खंड्याची लांब व सरळ, आणि मांस फाडणाऱ्या शिकऱ्याची आंकड्यासारखी वांकडी. त्यानंतर शेपटी, मग बसण्याची जागा, आणि शेवटीं आवाज. तारेवर बसलेला काळा पक्षी कावळ्याहून बराच लहान आहे आणि त्याची शेपटी टोंकाशीं दुभंगलेली आहे, एवढें ध्यानांत आलें म्हणजे तो कोतवाल हें कोणी सांगावयास नको. चरणाऱ्या गुरांच्या पायांनीं जे टोळ व किडे उडतात ते तो हवेंतल्या हवेंत धरतो. म्हणून तो गुरांच्या संगतीनें राहतो.

आकाराबरोबर ऋतूही पाहावा. चातक पावसाच्या तोंडावर समुद्र ओलांडून आफ्रिकेंतून आपल्याकडे येतो. पावश्या मात्र आपल्याच देशांत राहतो. पण पाऊस जवळ आला कीं त्याचें ओरडणें वाढतें, आणि आपला शेतकरी त्याच्या आवाजांत "पेरते व्हा" हे शब्द ऐकतो. पाण्याच्या कडेनें शेपटी खालींवर हालवीत चालणारा करडा धोबी पाऊस सरतांना उत्तरेच्या डोंगरांतून येतो आणि उन्हाळा लागला कीं परत जातो. ज्यानें हें एकदां ध्यानांत घेतलें, त्याला पहिला धोबी दिसला म्हणजे दूरदेशचा ओळखीचा पाहुणा आल्यासारखें वाटतें.

धुळींतले ठसेही वाचतां येतात. कुत्रा, कोल्हा व लांडगा ह्यांच्या ठशांत बोटांपुढें नखांच्या खुणा उमटतात. मांजर व बिबट्या हे चालतांना नखें आंत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशांत त्या बहुधा दिसत नाहींत. ठसा बिबट्याचा आहे असें वाटलें तर त्याचा माग काढीत जाऊं नये. जवळच्या वस्तीवर सांगावें, वनखात्यास कळवावें, आणि लेंकरांना अंधार पडल्यावर एकटें पाठवूं नये.

नांवें गांवांतल्या वडीलधाऱ्यांस विचारावीं. एकाच पक्ष्यास देशावर एक नांव, कोंकणांत दुसरें व वऱ्हाडांत तिसरें असतें, आणि तीं सर्व खरीं असतात. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनखात्यांत अधिकारी होते. त्यांनीं रानांत राहणाऱ्या लोकांजवळ बसून पांखरांचीं व झाडांचीं नांवें गोळा केलीं आणि तीं मराठींत ग्रंथरूपानें ठेविलीं. ज्यांना लिहितां येत नव्हतें त्यांच्यापाशीं तें ज्ञान होतें. लिहिणाऱ्यानें विचारलें म्हणून तें टिकलें.

२. काय लिहावें

खिशांत मावेल अशी लहान वही व पेन्सिल एवढें पुरे. प्रत्येक नोंदींत पांच गोष्टी असाव्या: तारीख, वेळ, जागा, पक्षी किंवा प्राणी व त्याची संख्या, आणि तो काय करीत होता. जागा लिहितांना "रानांत" असें मोघम लिहूं नये. "ओढ्याच्या पलीकडे, जुन्या विहिरीजवळच्या बाभळीवर" असें लिहावें, म्हणजे दुसऱ्यास तेथें जाऊन पाहतां येईल. ओळख पटली नाहीं तर उगीच नांव देऊं नये. जें दिसलें तें रूप लिहावें. घरट्याला हात लावूं नये, अंडीं उचलूं नयेत, आणि पांखरूं उडवून पाहण्यासाठीं दगड मारूं नये. पाहणाऱ्याच्या येण्यानें पाहिलेल्याचें नुकसान होऊं नये, हा ह्या कामाचा पहिला नियम आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बहुतेक जण विसरतात. जें दिसावयास पाहिजे होतें पण दिसलें नाहीं, तेंही लिहावें. "आज माळावर चंडोल नाहीं." "ह्या वर्षीं विहिरीवर सुगरणीचीं घरटीं नाहींत." ह्या ओळी रिकाम्या वाटतात, परंतु पुढें त्यांचें मोल कळतें. तें कसें, हें गिधाडांच्या गोष्टीवरून समजेल.

३. गिधाडें गेलीं तेव्हां कोणी पाहिलें?

एकदां वाटेंत एका वृद्ध शेतकऱ्याजवळ आम्ही सावलीस बसलों असतां त्यांस विचारिलें, "बाबा, ह्या शिवारांत गिधाडें शेवटीं केव्हां पाहिलींत?" ते हंसून म्हणाले, "गिधाडांना काय तोटा? बैल मेला कीं आभाळ भरून यायचें." मग ते थांबले. बऱ्याच वेळानें म्हणाले, "धाकट्याच्या लग्नाच्या आधीं होतीं. कीं नंतर? नाहीं, तें सांगतां नाहीं यायचें." धाकट्याच्या लग्नाची तिथि त्यांना पाठ होती. ज्या पक्ष्यांनीं आभाळ भरत असे ते कोणत्या वर्षीं नाहींसे झाले, हें मात्र त्यांना सांगतां आलें नाहीं. आम्हांलाही आलें नाहीं. आम्हीही त्याच वाटेनें जात होतों.

मेलेलीं ढोरें ओढण्याचें काम गांवानें जातीच्या नांवाखालीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजेपणज्यांवर लादलें होतें. गिधाडें आधीं कोणतीं येतात, मागून कोणतीं येतात, कोठें उतरतात, कोणत्या झाडावर वस्तीस जातात, हें त्यांना जितकें ठाऊक होतें तितकें कोणा पंडितास ठाऊक नव्हतें. तें काम सुटलें हें योग्यच झालें. परंतु त्यांचें तें ज्ञान कोणी विचारलें नाहीं व कोणी लिहिलें नाहीं, ही हानि झाली.

एका ठिकाणीं मात्र लिहिलेलें होतें. राजस्थानांत भरतपूर येथें केवलादेव नांवाचें पक्ष्यांचें राखीव रान आहे. तेथें विभु प्रकाश ह्या अभ्यासकांनीं गिधाडांचीं घरटीं मोजून ठेविलीं होतीं. १९८७-८८ सालीं पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या तेथें घरटीं करीत होत्या. १९९६-९७ सालीं त्यांनीं पुन्हां मोजलें तों १५० च उरल्या होत्या. झाडांवर माना खालीं टाकून बसलेलीं आजारी गिधाडें व खालीं पडलेलीं मेलेलीं गिधाडें त्यांना दिसूं लागलीं. २००३ पर्यंत ती वसाहत पार उठली. पहिला आंकडा वहींत नसता तर दुसऱ्या आंकड्याचा अर्थ कोणास कळला नसता. दीडशे जोड्या पाहून पाहणारा म्हणाला असता कीं येथें गिधाडें पुष्कळ आहेत.

त्यानंतर देशभर गणना झाली. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक ह्या प्रमाणावर आलीं. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटीं करणारीं लांब चोचीचीं गिधाडेंही शंभरांत तीनचार उरलीं.

४. कारण काय होतें?

प्रथम लोकांस वाटलें कीं ही सांथ असावी. खरें कारण २००४ सालीं लिंडसे ओक्स व त्यांच्या सोबत्यांनीं पाकिस्तानांतील गिधाडें तपासून दाखविलें. डायक्लोफेनॅक नांवाचें वेदनाशामक औषध माणसांसाठीं वापरांत होतें. तें स्वस्त असल्यामुळें गुरांनाही टोंचूं लागले. दुखणाईत बैलास तें दिलें आणि बैल थोड्या दिवसांतच मेला, तर औषध त्याच्या मांसांत राहतें. तें मांस खाल्लें कीं गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात आणि तें कांहीं दिवसांत मरतें. अशीं विषारी मढीं शंभरांत एखादें असलें तरी ऱ्हासास तेवढें पुरतें, कारण एका मढ्यावर गिधाडें मोठ्या संख्येनें उतरतात. शिवाय गिधाडाची मादी वर्षास एकच अंडें घालते, आणि पिलूं वयांत येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. इतक्या सावकाश वाढणारें कूळ इतक्या वेगानें मरूं लागलें म्हणजे टिकत नाहीं.

ह्यांत कोणाच्या मनांत वाईट नव्हतें. शेतकऱ्यानें आपल्या बैलाचें दुःख हलकें करावें म्हणूनच औषध दिलें. परंतु दयेच्या कामाचाही परिणाम कोठवर जातो हें पाहावें लागतें. गिधाडें गेल्यावर मढीं तशींच कुजूं लागलीं, त्यांवर मोकाट कुत्रीं वाढलीं, आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचें भय वाढलें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असा अंदाज दिला आहे कीं, गिधाडें नाहींशीं झाल्यामुळें २००० ते २००५ ह्या काळांत आपल्या देशांत सुमारें पांच लक्ष माणसें अधिक मरण पावलीं. ज्या पक्ष्यास आपण अमंगळ म्हणत होतों, तो आपल्या उंबरठ्याची राखण करीत होता.

५. आतां काय करावें?

गुरांसाठीं डायक्लोफेनॅकवर २००६ सालीं बंदी आली. माणसांसाठीं असलेल्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ सालीं तीही वाट बंद केली गेली. २०२३ सालीं कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ह्या औषधांवरही गुरांसाठीं बंदी झाली. गिधाडांस अपाय न करणारें मेलॉक्सिकॅम हें औषध मिळतें. तेव्हां आपलें जनावर आजारी पडलें तर गुरांच्या डॉक्टरांस विचारावें, "हें औषध गिधाडांस चालतें ना?" माणसांसाठींचें इंजेक्शन दुकानांतून आणून गुरांस टोंचूं नये. जनावर मेलें आणि त्यास कोणतें औषध दिलें होतें हें ठाऊक नसेल, तर तें उघड्यावर न टाकतां खोल पुरावें. बिबट्यास किंवा कुत्र्यांस मारण्यासाठीं मढ्यांत विष तर कधींच घालूं नये. तें विष खाणाऱ्या प्रत्येकास मारतें.

हरियाणांत पिंजोर येथें २००१ पासून गिधाडांचें केंद्र चालूं झालें आणि पुढें तेथें पिलें वाढविलीं जाऊं लागलीं. आपल्याकडे रायगड, नाशिक व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत वनखातें व गांवकरी ह्यांनीं गिधाडांस निर्धोक खाद्य ठेवण्याचे प्रयत्न केले आहेत. म्हणून वर पाहण्याची संवय सोडूं नये. घार व गिधाड ह्यांत घोटाळा होतो. घारीची शेपटी टोंकाशीं खांचलेली असते, आणि गिधाडाचे पंख फार रुंद, शेपटी आंखूड, व तें पंख न हालवितां बराच वेळ घिरट्या घेतें. असा पक्षी दिसला तर त्याच दिवशीं तारीख, जागा व संख्या लिहावी आणि वनखात्यास कळवावें.

आमच्या वहींत त्या शिवारापुढें आम्हीं त्या दिवशीं लिहिलें: "गिधाड नाहीं." तेव्हांपासून त्या वाटेनें गेलों कीं तीच ओळ तारीख घालून पुन्हां लिहितों. ती लिहितांना वाईट वाटतें. परंतु एखादे दिवशीं तेथें वेगळी ओळ लिहावी लागली, तर तिचा आनंद केवढा हें ह्या ओळींमुळेंच कळेल. आणि गिधाडांसाठीं उशीर झाला असला, तरी चंडोल, सुगरण व धोबी अजून वाटेवर आहेत. त्यांचा पहिला आंकडा आजच लिहावा.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

(१) आपल्या गांवाच्या शिवारांत गिधाडें शेवटीं केव्हां दिसलीं? तीन वृद्धांस विचारून उत्तरें लिहा.
(२) पक्षी ओळखतांना नांवाआधीं कोणत्या गोष्टी पाहाव्या?
(३) "दिसलें नाहीं" हेंही कां लिहावें?
(४) आपल्या गांवीं आजारी गुरांस कोणतें वेदनाशामक औषध देतात? डॉक्टरांस विचारून पुढच्या सभेंत सांगा.