यवन, योनक आणि आपला अपरान्त
(सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना प्राचीन ग्रीकांची ओळख करून देताना)

शालेय इतिहासात ग्रीक येतात ते सिकंदराच्या स्वारीबरोबर आणि पंजाबातील नद्यांवरूनच परत फिरतात. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून आमच्या वसतिगृहात आलेल्या मुलामुलींना या लोकांशी आपला काही संबंध असेल असे त्यातून वाटणे शक्य नाही. संबंध आहे, आणि तो आपल्याच पालघर जिल्ह्यातून सुरू होतो. म्हणून हा पाठ आम्ही अथेन्सपासून आरंभ न करता सोपाऱ्यापासून करतो.

परंतु त्याआधी एका शब्दाची गाठ सोडवावी लागते. ‘यवन’ हा शब्द मुलांनी पोवाड्यांत आणि शिवकालीन गोष्टींत ऐकलेला असतो, आणि त्याचा अर्थ ती परधर्मी शत्रू असाच लावतात. मूळ शब्द तसा नाही. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून इराणी लोक सर्वच ग्रीकांना ‘यौन’ म्हणू लागले. पालीत त्याचे ‘योन’, ‘योनक’ झाले आणि संस्कृतात ‘यवन’. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘योनराजा’ अंतियोक आणि त्याच्या पलीकडचे चार राजे नावानिशी येतात. हे सारे ग्रीक जगातील राजे होते, आणि अशोकाने त्यांच्याकडे सैन्य पाठवल्याचे नव्हे, तर धम्माचा संदेश पाठवल्याचे त्यात सांगितले आहे. एखाद्या शब्दाला द्वेषाचा गंज कसा चढतो, हे दाखवण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांला आजवर सापडलेले नाही.

आता सोपारा, म्हणजे वसई तालुक्यातील आजचे नालासोपारा. उत्तर कोकणाला तेव्हा अपरान्त म्हणत आणि शूर्पारक हे त्याचे मोठे बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीकभाषक प्रवाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात कल्याणबरोबर सोपाऱ्याचेही नाव येते. अशोकाच्या आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे याच परिसरात मिळाले. तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर अपरान्तात धम्मोपदेशासाठी जो भिक्खू पाठवला गेला, त्याचे नाव ‘महावंसा’त ‘योनक धम्मरक्खित’ असे दिले आहे. म्हणजे त्या परंपरेप्रमाणे आपल्या या किनाऱ्यावर बुद्धवचन घेऊन येणारा एक ग्रीक होता! हे वाक्य फळ्यावर लिहिले की वर्ग क्षणभर शांत होतो.

पुढचे पुरावे दगडात आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभांवर ते धेनुकाकट येथील यवनांचे दान असल्याचे कोरलेले आहे. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, तर चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप. मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे सहज गाठता येणाऱ्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत सतराव्या लेण्याचा दाता आहे धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा योनक. यांतील बरीच नावे पाहा, ती इथली झालेली आहेत. ही माणसे आली, रुळली, आणि आपल्या मिळकतीतून भिक्खूंसाठी डोंगर कोरवून गेली.

एवढे झाल्यावर मग ग्रीसकडे वळावे. मुलांना तिकडे नेण्याचा सोपा रस्ता त्यांच्या घराच्या भिंतीवरून जातो. इसवी सनपूर्व आठव्या शतकातील अथेन्सच्या मोठ्या मृत्कुंभांवर माणसे काढलेली आहेत: धड त्रिकोणी, हातपाय काडीसारखे, रांगेने शोक करणाऱ्या स्त्रिया. ते चित्र दाखवून कोणाचे म्हणून विचारले तर वारली मुले ‘आमचं’ म्हणतात. दोन्हींचा परस्परांशी संबंध होता असे मात्र शिकवू नये. त्रिकोणातून माणूस उभा करण्याची कल्पना वेगवेगळ्या लोकांना स्वतंत्रपणे सुचू शकते. तसेच बोहाड्याचे. मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर देवादिकांची सोंगे नाचवणारी गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वसंतात दिओनिसस देवाच्या उत्सवात मुखवटे घालून नाटके करणारे अथेन्सचे नट समजावून सांगावे लागत नाहीत. ग्रीकांच्या औलोस या जोडनळीच्या वाद्याचे चित्र पाहून तारपा आठवला, तर तेही चांगलेच.

येथवर कौतुक पुरे. ग्रीक म्हणजे ज्ञान, सौंदर्य आणि लोकशाही, एवढेच सांगून थांबणारे धडे आम्हांला पटत नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांच्या पणजोबा-पणजींच्या पिढीत या जिल्ह्यात ‘लग्नगडी’ होते. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्या शेतावर राबायचे. 1945 मध्ये वारली स्त्रीपुरुष या वेठीविरुद्ध उभे राहिले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. आता अथेन्स पाहा. तेथेही शेतकरी स्वतःचे शरीर तारण ठेवून कर्ज काढी आणि फिटले नाही तर गुलाम होई. इसवी सनपूर्व 594 मध्ये सोलोनने ही कर्जे रद्द केली आणि शरीर तारण ठेवण्यास कायमची बंदी घातली. या सुधारणेला ग्रीकांनी दिलेल्या नावाचा अर्थच ‘ओझे झटकून टाकणे’ असा आहे. मुले सोलोनला विसरत नाहीत. मात्र पुढचेही सांगावे लागते: अथेन्सचा नागरिक सुटला, गुलामगिरी सुटली नाही. बाहेरून विकत आणलेली माणसे लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत राबत राहिली.

लोकशाहीसाठी आम्ही वर्गातच सभा भरवतो. प्रथम मुलींना भिंतीकडे उभे राहण्यास सांगतो, कारण स्त्रियांना मत नव्हते. मग परगावाहून आलेल्यांना, कारण परक्यांना पिढ्यान्‌पिढ्या राहूनही नागरिकत्व नसे. उरलेल्यांतून काहींना गुलाम म्हणून बाजूला करतो. बाकांवर चारदोन मुलगे शिल्लक राहतात आणि भिंतीकडून गलका सुरू होतो. तो होऊ द्यावा. आपल्या ग्रामसभेत प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला स्थान आहे, आणि 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत, हे सांगण्याची वेळ हीच. संविधान सभेतील 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खूसंघातील ठराव, गणपूर्ती आणि मतदान यांच्या नियमांची आठवण दिली होती. आठवीच्या वर्गाला तीही द्यावी.

‘मज्झिम निकाया’तील अस्सलायन सुत्त या पाठाचा कणा आहे, असे आम्ही मानतो. ब्राह्मणच श्रेष्ठ वर्ण, असा दावा घेऊन आलेल्या अस्सलायनाला तथागत विचारतात की योन आणि कंबोज देशांत मालक आणि दास असे दोनच वर्ण आहेत, आणि तेथे मालकाचा दास होतो व दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? जन्मावरची उतरंड सर्व जगाचा नियम नाही, हे दाखवण्यासाठी येथे ग्रीकांचा दाखला आला आहे. हुशार विद्यार्थी लगेच विचारतो, “म्हणजे गुलामगिरी चांगली?” नाही. पण बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून अस्पृश्यता अधिक वाईट का, याचे विवेचन केले आहे. गुलामाला सुटकेची वाट तरी असू शके. या प्रश्नावर एक पूर्ण तासिका खर्च झाली तरी हरकत नाही.

शेवटी मिनँडर, म्हणजे मिलिंद. ‘मिलिंदपञ्हा’त नागसेन या राजाला अट घालतात: पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर बोलू, राजांसारखी करणार असाल तर नाही, कारण राजाला न पटणारे बोलले तर दंड होतो. राजा अट मान्य करतो. त्याच तासाला सॉक्रेटिस शिकवावा, ज्याला इसवी सनपूर्व 399 मध्ये नागरिकांच्याच न्यायालयाने प्रश्न विचारण्यापायी मृत्युदंड दिला. बाबासाहेबांनी औरंगाबादेत 1950 साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्या परिसराला नागसेनांचे नाव का, हे मग मुलेच सांगतात.

हे झाले की सहल सोपाऱ्याला न्यावी. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील टेकाड खणले. आत विटांचा स्तूप, दगडी करंडक, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे तुकडे निघाले. गावकरी त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. सुपे-टोपल्या विणणाऱ्या घरांतली मुले हे नाव ऐकून हसतात, आणि स्तूपाभोवती फेरी मारताना तो राजा कोण असावा यावर आपापसांत वाद घालतात.