चंदेरी डागाचे फुलपाखरू

मुलांना फुलपाखरे शिकवायची तर शंभर चित्रांचे पुस्तक उघडू नये, एकच फुलपाखरू नीट दाखवावे, असे माझे मत आहे. मी अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहते. इथला माझा पहिला धडा नेहमी ‘सिल्व्हर-स्पॉटेड स्किपर’चा असतो, कारण हे फुलपाखरू उन्हाळ्यात जवळपास प्रत्येक बागेत सापडते.

स्किपर म्हणजे उड्या मारत जाणारे. अंग जाडसर, डोळे मोठे, मिशांची टोके आकड्यासारखी वळलेली. पंख गडद तपकिरी, पुढच्या पंखावर सोनेरी पट्टा, पंख पसरले की साधारण 5 सेंटिमीटर. पण खरी खूण पंख मिटल्यावर दिसते: मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, अगदी मधोमध, चुन्याचे बोट लागल्यासारखा चंदेरी-पांढरा डाग. याच्यासारखेच दिसणारे ‘होअरी एज’ नावाचे दुसरे स्किपर आहे. त्याचा पांढरेपणा पंखाच्या कडेला पसरलेला असतो. डाग मध्ये की कडेला, एवढेच पाहायचे.

आता अळी. मला फुलपाखरापेक्षा तीच आवडते. वाल-घेवड्याच्या कुळातल्या झाडांवर, विशेषतः ब्लॅक लोकस्टवर, ती पानाला चिरा देते, तो तुकडा उलटा दुमडते आणि रेशमाच्या धाग्याने टाके घालून आत राहते. मोठी झाली की मोठे घर करते. तांबूस-काळ्या डोक्यावर डोळ्यांसारखे दोन नारिंगी ठिपके असतात. भातावर पान गुंडाळून राहणारी स्किपरची अळी तुमच्यापैकी शेतकऱ्यांनी पाहिली असेल. ती हिचीच भाऊबंद.

घरात घाण मात्र ती ठेवत नाही. लेंडी दीड मीटरपर्यंत लांब उडवते! हे कशासाठी, याचा शोध जॉर्जटाउन विद्यापीठातल्या मार्था वाइस यांनी घेतला. 2003 साली त्यांनी दाखवून दिले, की अळ्या खाणाऱ्या गांधीलमाश्या लेंडीच्या वासावर येतात. जवळ लेंडी पडलेली अळी अधिक मारली जाते.

म्हणून दुमडलेले पान दिसले की रोग समजून खुडू नका, असे मी मुलांना सांगते. थंडीत कोष पाचोळ्यात पडून राहतो. इथे लोक ऑक्टोबरात अंगणातला पाला पिशव्यांत भरून टाकतात. मी झाडाखालचा तेवढा तसाच ठेवते. शेजारी थोडे नाराज आहेत.